'रायर' नावाच्या मागावर: पार्सिपनी ते शॉमबर्ग

लाँग वीकएंडला लोक नायगाऱ्याला जातात. आम्ही एका शब्दासाठी शिकागोच्या दिशेने निघालो!

शब्द होता 'रायर'. माझा नवरा माधव चेन्नईचा, पण त्याचे पूर्वज मराठी राजांच्या काळात तंजावरला गेलेले. तमिळ लोक अशा मराठी घरांना रायर म्हणतात. का म्हणतात, ते त्याला सांगता येत नाही. "आत्याला विचार," इतकंच. या आत्या शिकागोजवळ शॉमबर्गला राहतात आणि तंजावरची जुनी मराठी बोलतात. माझ्याशी मात्र लग्नापासून फक्त इंग्रजी.

"तू पुण्याची ना," माधव म्हणाला, "तिला वाटतं, तू हसशील."

आता त्या कायमच्या चेन्नईला परत चालल्या होत्या. नावाचा शोध घ्यायचा होताच. पण त्यांची मराठी एकदा तरी माझ्या वाट्याला यावी, ही खरी ओढ होती.

पार्सिपनीच्या घरून पहाटे निघालो. रूट एटीवर पेनसिल्व्हेनिया संपता संपत नाही, पण डोंगरांवरचं धुकं बघताना कंटाळा येत नाही. ओहायोत टोल लागतो. गाडीला टोलचा पास असेल तर स्वस्त पडतो. खायचं बरोबर घ्या. रेस्ट एरियात शाकाहारी म्हणजे फ्राइज! आमच्याकडे दशम्या होत्या आणि शेंगदाण्याची चटणी. टोलेडोजवळ साध्या मोटेलात मुक्काम केला, शंभर डॉलरच्या आत.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्यांच्या दारात. "कम, कम! हाऊ वॉज द ड्राइव्ह?"

झालं, पुन्हा इंग्रजी.

फिल्टर कॉफीचा पहिला घोट घेतला आणि मी विचारलंच. आत्यांनी शिक्षिकेसारखं उलगडून सांगितलं, तेही इंग्रजीतच. 'राजा'चं प्राकृतात 'राया' झालं. त्याचंच आपल्याकडे राव, दक्षिणेत राय. तमिळमध्ये मान द्यायला शेवटी 'अर' लावतात. "सो, रायर. सिंपल!"

"म्हणजे हे नाव शेजाऱ्यांनी दिलं?"

"हू एल्स?"

मी खुर्चीतून उठलेच! इतकी वर्षं मला वाटत होतं, हा दरबारातला एखादा किताब असणार. आणि हे तर गल्लीतल्या तमिळ माणसांनी, आपल्या पद्धतीने, आदराने मारलेली हाक निघाली. परक्या गावात कुणी मानाने हाक मारणं काय असतं, ते आम्हा इथल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

जेवणाला डांगर पच्चडी होती. भाजलेल्या उडदाचं पीठ, दही, हिंग-मोहरीची फोडणी. "अय्या, आमच्याकडेही डांगर करतात!" म्हणत मी उत्साहाने सांबारासाठी चिरलेला कांदा उचलला आणि आई घालायची तसा मूठभर त्यात टाकला.

"गे बाई! हे काय करूलास तू!"

करूलास. म्हणजे 'करतेयस'. मागोमाग धो धो बोलणं सुरू झालं, कांद्याचा आणि पुण्याचा एका दमात उद्धार. मग त्या एकदम थबकल्या. तोंडावर हात. "सॉरी, सॉरी..."

"नाही हो आत्या, थांबू नका ना. अजून रागवा!"

"बोलणी खायला आठशे मैल आलीय ही," माधव म्हणाला.

आत्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. मी हसत होते, पण डोळे भरले होते. मग चमचा माझ्या हातात देत त्या आपल्या मराठीतच म्हणाल्या, आता बसून एकेक कांदा वेच. मी वेचला. सगळा!

पार्सिपनीला परतून महिना झाला. शब्दाची व्युत्पत्ती काय, कुठल्याही चांगल्या कोशात सापडली असती. पण काल चेन्नईहून आत्यांचा फोन आला, तोही माधवच्या नव्हे, माझ्या मोबाइलवर. खूप वेळ बोलल्या. निम्मं मला कळलं नाही, आणि मी एकदाही अर्थ विचारला नाही. विचारलं असतं, तर त्यांनी इंग्रजीत सांगितलं असतं.