पिंपळकरांची मदत

निवृत्त माणसं एकत्र बसली की तब्येतीवर बोलतात. आमच्या भोपाळच्या बरखेड्यात मात्र गाडी पिंपळकरांवर येते. सकाळी फिरून झालं, टपरीवरचा चहा हातात आला, की कुणीतरी सुरू करतं, "पिंपळकरांनी परवा काय केलं, ऐकलंत का?" असे किस्से इतके साठलेत की त्यातला खरा कुठला आणि वाढवलेला कुठला, हे आता पिंपळकरांनाही सांगता येत नाही. मी आपले खात्रीचे तेवढे सांगतो.

पिंपळकर मूळचे नागपूरचे, कारखान्यात माझ्याच सेक्शनला इंजिनिअर. दुसऱ्याला मदत करायची ही त्यांची सवय. समोरच्याने मागितली नसली तरी.

*

एकदा जवाहर चौकात एक म्हातारबाबा पिशवी घेऊन उन्हात उभे होते. पिंपळकरांनी स्कूटर थांबवून विचारलं, "बाबा, कहाँ जाना है?" गाड्यांच्या आवाजात त्यांना एवढंच ऐकू आलं, "कोटरा." त्यांनी बाबांना मागे बसवलं आणि थेट कोटरा सुल्तानाबादला नेलं.

"घर कौनसा है, बाबा?"

"वो सामनेवाला. सुबह यहीं से तो निकला था, दवाई लेने."

"तो फिर बैठे क्यों?"

"आपने इतने प्यार से बिठाया. मना कैसे करता?"

पिंपळकरांनी त्यांना परत जवाहर चौकात नेलं, औषध घेऊ दिलं आणि पुन्हा घरी सोडलं.

*

शेजारच्या शुक्ला भाभींचे मिस्टर अचानक गेले. त्यांच्या जागी भाभींना नोकरी मिळाली, पण ऑफिस लांब. पिंपळकर म्हणाले, "मी स्कूटी शिकवतो." पहिल्याच आठवड्यात भाभींनी पिंपळकरांचं फाटक पाडलं, मग कुंड्या. पिंपळकरांच्या सुलभावहिनी नवऱ्याला म्हणाल्या, "पुढच्या वेळी शिवण शिकवा कुणाला."

आता रोज सकाळी फाटकासमोर हॉर्न वाजतो आणि मागून भाभींचा आवाज येतो, "अंकल, साइड दीजिए, लेट हो रही हूँ."

*

आमच्यातल्या बापटांना हे सगळं पटत नाही. एकदा चहा घेताना त्यांनी विषय काढलाच. "एवढं मोठं भोपाळ. तुम्ही एकाला घरी सोडलंत, एकीला गाडी शिकवलीत. फरक काय पडतो?"

आम्ही सगळे पिंपळकरांकडे बघत राहिलो. त्यांनी चमचा उचलला.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले आणि बापटांच्या चहात साखर ढवळून दिली.

बापटांना डायबेटिस आहे.

*

हा शेवटचा गेल्या हिवाळ्यातला. मी सोबत होतो.

रस्त्यावर बेशुद्ध सापडलेला एक माणूस दवाखान्यात होता. डोक्याला मार लागलेला. शुद्धीवर आला, पण बोलेना. नाव कळेना, गाव कळेना, भेटायला कुणी येईना. जखम भरल्यावर त्याला निराधारांच्या आश्रमात पाठवायचं चाललं होतं. पिंपळकर दर रविवारी जाऊन त्याची दाढी करायचे. हात कारखान्यातला, त्यामुळे गालावर एखादा ओरखडा ठरलेला. तो माणूस मुकाट भिंतीकडे बघत बसायचा.

त्या रविवारी पिंपळकरांनी साबण लावला, रेझर उचलला आणि त्या माणसाने त्यांचं मनगट धरलं. सिस्टर धावत आली. "अंकल, हट जाइए."

पिंपळकर हटले नाहीत. त्यांनी रेझर त्याच्या हातात सोडून दिला.

माणूस उठला. त्याने पिंपळकरांना खांद्याला धरून स्टुलावर बसवलं. टॉवेल झटकून गळ्याभोवती खोचला. ब्रश फिरवून फेस काढला. अंगठ्याने त्यांची हनुवटी वर केली, मान एका अंगाला वळवली, मग दुसऱ्या. हात कुठे अडला नाही. त्याच्या स्वतःच्या गालावरचा साबण तसाच वाळत होता. सिस्टर जागच्या जागी उभी होती.

दाढी झाली. त्याने ओल्या हाताने पिंपळकरांचे गाल थोपटले, टॉवेल काढून झटकला आणि माझ्याकडे बघितलं.

"चलो," तो म्हणाला, "अगला."

मी जाऊन स्टुलावर बसलो.