आईने पाठवलंय

शाळेत शिकवायचे तेव्हा 'फरिश्ता' शब्द आला की फळ्यावर 'देवदूत' असं लिहून मी मोकळी व्हायचे. निवृत्तीनंतर वेळ खायला उठला, तेव्हा शब्दकोश उघडला. शब्द फारसीतून आलेला, मुळात अर्थ 'पाठवलेला'. इंग्रजीतल्या 'एंजल'चं मूळही ग्रीकमध्ये 'निरोप्या'. पंख, पांढरा झगा, डोक्यामागचं तेज यातलं काहीच त्या शब्दांत नाही.

भोईवाड्यातल्या आमच्या घरात असले शब्द चालत नसत. "देव सोडले, आता त्यांचे नोकर कशाला पाळायचे?" असं बाबा म्हणायचे. पाठवलेली माणसं मात्र चाळीत दिवसभर फिरत असायची. बुद्धपौर्णिमेला आई खीर करायची आणि मी झाकलेल्या वाट्या घेऊन दारोदार जायचे. दारात एकच वाक्य म्हणायचं, "आईने पाठवलंय." शेजारच्या मालवणी काकू वाटी कधी रिकामी परत करत नसत. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालत.

चाळ पडली, टॉवर झाला. आई गेल्या वर्षी गेली. लग्न मी केलं नाही आणि त्याचं कधी वाईटही वाटलं नाही. पण आता माझ्या दारी येतात ती फक्त पार्सलं, तीही चुकून, समोरच्या घरची. मला या एकटेपणाची भीती वाटते. लिहायला कसली आलीय लाज?

यंदा पौर्णिमेला मी हट्टाने खीर केली. आईच्याच पातेल्यात केली, त्यामुळे अंदाज चुकला आणि चाळभर पुरेल एवढी झाली. वाटी झाकून समोरची बेल दाबली. दार साखळीपुरतं उघडलं. आत नव्याने राहायला आलेली तरुण मुलगी, एका कानात इअरफोन.

"मी काही ऑर्डर नाही केलंय. कोणी पाठवलंय?"

"आईने," माझ्या तोंडून निघून गेलं.

"आई असते तुमच्याकडे? कधी दिसली नाही."

"नाही. आता नाहीये. मी एकटीच असते."

हे मी कोणाजवळ पहिल्यांदाच बोलले. वाटी त्या फटीतून जाईना, म्हणून तिने दार लोटलं, साखळी काढली आणि वाटी हातात घेतली. "थँक्यू, आंटी."

घरी येऊन मी दाराजवळ खुर्ची ओढून बसले. वाटी परत करायची असते, हे तिला सांगायचंच राहून गेलं.