दामूच्या तिरडीला दिलेला खांदा

धुळवडीच्या सकाळी भाईंदरहून राईला जाणाऱ्या रिक्षात बसलो तेव्हा मी मजेत होतो. दामू माझा ऑफिसातला जुना सोबती, राई गावचाच. “इतकी वर्षं इथं राहतोस आणि आमचा शिमगा बघितला न्हायस?” असं फोनवर ऐकवून त्याने बोलावलं होतं. त्याच फोनवर आवाज खाली आणून आणखीही एक सांगितलं होतं. खाडीकडचं शेवटचं भातशेत तो बिल्डरला द्यायला निघाला होता आणि त्याच्या बायकोला, सुनंदावहिनींना, त्याचा पत्ता नव्हता. “सण होऊ दे, मग सांगतो,” म्हणाला. मी बरं म्हणालो. दुसऱ्याच्या घरात आपण कशाला नाक खुपसायचं?

गावाच्या तोंडाशी रिक्षावाल्याने ब्रेक लावला. “साहब, आगे मय्यत आ रही है।”

मी उतरलो. समोरून खरंच तिरडी येत होती. पुढे मडकं धरलेला माणूस, मागे बायकांचा आक्रोश. कडेला उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याला विचारलं, “कोण गेलं हो?”

“आपला दामू,” तो शांतपणे म्हणाला.

परवा तर बोललो होतो आम्ही. चपला तिथेच काढल्या, गर्दीत घुसलो आणि रडत रडतच खांदा दिला. डांबर तापलेलं होतं, पाय पोळत होते, पण त्याचं भान कुणाला? अशी दहा पावलं गेलो असू, तेवढ्यात प्रेताच्या गळ्यातला हार दिसला. सुक्या बोंबलांचा! हा काय प्रकार म्हणून मान वळवतोय, तर दामूने एक डोळा उघडला.

“नीट धर. तुझ्या बाजूला कलतंय.”

मी असा किंचाळलो की तिरडी खालीच यायची. सगळी मिरवणूक पोट धरून हसायला लागली. तो म्हातारा आता शेजारी येऊन समजावू लागला. हे शिमग्याचं सोंग. दरसाल गावातला एक बाप्या (पुरुष) मरतो आणि त्याची खरी बायको रडते. एरवी ‘अहो’ म्हणणारी त्या दिवशी त्याला अरे-तुरे करते, वर्षभराचं सगळं बाहेर काढते. मेलेल्याने तोंड उघडायचं नाही. विसाव्याला (तिरडी टेकवतात त्या जागी) ती एकच प्रश्न विचारते. त्याचं खरं उत्तर दिल्याशिवाय त्याला उठता येत नाही.

“पण आत्ता तर बोलला की तो,” मी म्हटलं.

“खांदेकऱ्याशी चालतं. बायकोशी न्हाय.”

मग मीही रंगलो. ढोल वाजत होता, कुणीतरी माझ्या टकलाला गुलाल फासला. वहिनी छाती बडवत होत्या, “कोलंबीतली मोठी मोठी तूच गिळलीस रे!” माणसं टाळ्या देत होती. इतकं मोकळं मी कित्येक वर्षांत हसलो नव्हतो.

विसाव्याला तिरडी खाली ठेवली. वहिनी उशाशी बसल्या. पदर सारखा केला आणि रडण्याचा सूर सोडून साध्या आवाजात म्हणाल्या, “मोजणीवाले आपल्या शेतात चुना टाकून गेले. शेत दिलंस का रे?”

ढोल थांबला. मला सगळं ठाऊक होतं. मी खांदेकरी, पायाशी उभा. दामूचे डोळे मिटलेले होते आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे जात होतं.

ऊन चढत होतं. अखेर तो पुटपुटला, “अजून न्हाय. उद्या देणार होतो.”

“मना न विचारता?”

त्याने होकाराची मान हलवली.

“मग आता विचार. न्हायतर ऱ्हा असाच पडून.”

“देऊ का?”

“न्हाय.”

“न्हाय देणार,” दामू म्हणाला. वहिनींनी त्याला हात दिला आणि तो उठून बसला. ढोल पुन्हा सुरू झाला.

दुपारी त्यांच्या ओट्यावर तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण जेवलो. दामू आत झोपला होता. मी म्हटलं, “वहिनी, भर गावात विचारलंत. मला तर धडकीच भरली.”

“घरात विचारलं असतं तर हे खोटं बोलले असते, भावोजी.” त्यांनी आणखी एक भाकरी वाढली. “माझ्या भावांनी माहेरचं शेत असंच दिलं. मना क्रेन दिसली तवा कळलं. तुमची बिल्डिंग हाय ना, तिथंच.”

हातातला घास मी ताटात ठेवला. एवढी वर्षं या बाई माझ्या घरी येत होत्या, चहा पिऊन जात होत्या.

“तुम्ही कधी बोलला नाहीत,” मी कसाबसा म्हणालो.

“तुमी काय केलंत त्यात?” मग सहज विचारलं, “संध्याकाळी वारा येतो का हो, खाडीकडनं?”

“येतो.”

“यायचाच,” त्या म्हणाल्या. “आमी भात त्याच वाऱ्यावर पाखडायचो.”

परतलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. चेहऱ्यावरचा गुलाल बघून बायको हसत सुटली आणि काय काय पाहिलं ते विचारू लागली. मी खुर्ची खिडकीशी ओढली. इतका चांगला वारा आहे म्हणून तर हा फ्लॅट घेतला होता आम्ही. आज तो अंगावर घेववेना. मी उठून खिडकी लावून घेतली.