मास्तर म्हणाले म्हणून

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, घरातही नाही. एका विद्यार्थ्याला मी खोटं लिहायला लावलं; आणि खरं लिहायला त्याला मीच शिकवलं होतं.

लढाईच्या दिवसांत नगरला मी इंजिन-पंप दुरुस्तीचा वर्ग घेत असे. मुलांचा हात चांगला चाले, पण असं का केलंस विचारलं की गप्प. म्हणून मी रीत घातली: काम संपलं की हात धुऊन अर्धं पान लिहायचं. शंका कुठे आली, आधी काय केलं, काय चुकलं. चुकीबद्दल कुणाला बोल लावणार नाही, असा शब्द दिला. आधी सगळे ‘काम नीट केले’ एवढंच लिहीत. मग एकाने लिहिलं, पाना मीच उलटा फिरवला आणि नाव शेजाऱ्याचं घेतलं. वर्ग हसला, शेजारीसुद्धा. तिथून पानं खरी होऊ लागली.

एकदा विहिरीवरचा पंप पाणी ओढीना. तळाचा व्हॉल्व्ह गळतोय, मी काठावरूनच सांगून टाकलं. नेवाशाकडच्या एका मुलाने सगळा पाइप वर काढला. व्हॉल्व्ह चांगला होता. शेवटी वरच्या सांध्याला त्याने ओली माती थापली आणि पाणी आलं. हवा तिथून शिरत होती. त्याने लिहिलं: ‘सांध्याची शंका आधीच आली होती. मास्तर म्हणाले म्हणून व्हॉल्व्ह काढला. बोललो नाही, ही माझी चूक.’

इतकं सरळ पान वर्गात कुणी लिहिलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी साखर कारखान्याचे साहेब पानं बघायला येणार होते, तिथल्या इंजिनघरासाठी एक मुलगा निवडायला. मी त्याला ते पुन्हा लिही म्हटलं, माझा उल्लेख नको.

“पर मास्तर, खरं लिवा म्हनून तुमीच सांगितलं हुतं.”

“लिही,” मी म्हटलं.

त्याने लिहिलं: ‘मी घाईने व्हॉल्व्ह काढला.’ साहेबांनी ते वाचलं आणि म्हणाले, हा आधी खोलतो, मग विचार करतो. मी शेजारीच उभा होतो. निवड दुसऱ्याची झाली. हा मुलगा वर्ग सोडून गावी गेला. मुलांना सगळं कळलं होतं. त्यानंतर पानं रोज येत, पण शंका कुणालाच येत नसे.

व्हॉल्व्ह काढायला मी सांगितलं होतं, हे त्याच्या गावी जाऊन, त्याच्या माणसांसमोर सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे.