उजव्या अंगाची सोबत

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी अंथरुणावरून उठायला गेलो आणि खोलीच फिरू लागली. पलंगाची कड घट्ट धरून बसलो, तरी थांबेना. सोलापूरच्या डॉक्टरांनी तपासण्या करून स्पष्ट सांगितलं, चक्कर हळूहळू कमी होईल, उजव्या कानाचं गेलेलं ऐकणं मात्र परत येणार नाही. तसंच झालं. पुढे कितीतरी आठवडे न्हाणीपर्यंत जायलाही मला पत्नीचा खांदा लागायचा. कोणावर आपला भार पडू नये, असं जपून वागलेला मी माणूस. आजारापेक्षा त्या खांद्याचाच मला जास्त त्रास झाला. रोज देवासमोर दिवा लावत होतो, पण पलीकडे कोणी ऐकत आहे असं वाटेनासं झालं होतं.

तरी त्याच दिवसांत नवस बोललो. अणदूरचा खंडोबा आमचं कुलदैवत. म्हटलं, देवा, पुन्हा सायकलवर बसता येऊ दे, कोणाच्या आधाराशिवाय, एकटा तुझ्या दारात येईन. सायकल ही माझी शाळेपासूनची सवय. आजारी पडेपर्यंत गावाबाहेरच्या तळ्यावर एक फेरी मारल्याशिवाय माझा रविवार उजाडला नव्हता. मुलाचं म्हणणं होतं की आता ती देऊन टाकावी, आणि त्याचं चुकत नव्हतं. मागून येणारी गाडी उजवीकडून पुढे जाते, आणि माझी तीच बाजू बहिरी. शेवटी घरात ठरलं, अणदूरला जाऊन दर्शन घेऊन धड परत आलो तर सायकल राहील. मध्येच हार मानली तर ती मुलाच्या मित्राला द्यायची. पत्नीने वर आणखी एक अट घातली. हायवेवर चाक घालायचं नाही. माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून तिने तशी शपथ घ्यायला लावली.

मी वाट आखायला बसलो. पाटाच्या कडेचा कच्चा रस्ता, दोन पाझर तलावांचे भराव, मधल्या गाडीवाटा, असं जोडत जोडत गाडीघोडा न लागणारा रस्ता अणदूरपर्यंत नेला. उतार कुठे, चढ कुठे, पाणी कुठे मिळेल, सगळं पाहून ठेवलं. चक्कर बरीच ओसरल्यावर थंडीच्या एका सकाळी निघालो. रब्बीची पाळी सुटली होती, पाट काठोकाठ वाहत होता. दोन्हीकडे ज्वारी निसवलेली, हरभऱ्याला घाटे धरलेले. तलावाच्या भरावावर पोहोचलो तेव्हा उथळ पाण्यात बगळे उभे होते. माझ्या चाकांशिवाय कसलाच आवाज नव्हता, आणि असला तरी तो मला डावीकडूनच येणार होता. कितीतरी दिवसांनी भीती कमी झाली. आपण एकटे जाऊ शकतो, असं मनात येऊ लागलं आणि थोडा ताठाही आला, हे कबूल करतो.

अणदूरला देवळात गेलो. गाभाऱ्यात देवाची जागा मोकळी होती.

बाहेर भंडारा विकणाऱ्या एक मावशी बसल्या होत्या. त्यांना विचारलं तेव्हा त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "देव हितं कुठं हाय, दादा? नळदुर्गाला हाय की!"

अणदूरचा देव वर्षातले काही दिवस नळदुर्गला मुक्कामाला असतो. मार्गशीर्षात इथली जत्रा झाली की तिकडे जातो, पौषातली तिथली जत्रा आटोपून परत येतो. हे आमच्या घरातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. "पण गेल्या वर्षी याच तारखेला मी इथंच दर्शन घेतलं होतं," मी म्हणालो.

"तारखंवर देव चालतो व्हय? औंदा अधिक महिना झाला की, समद्या जत्रा फुडं गेल्या. धोंड्याला जावई घरी जेवून गेला आसंल, तरी तुमी इसरला?" मावशी हसल्या. मग माझा चेहरा पाहून म्हणाल्या, "जावा की मग नळदुर्गाला. सडकंनं गेलं की आलंच."

वाटेतला खड्डा न् खड्डा पाहून ठेवला होता, आणि देव घरी आहे का एवढंच पाहायचं राहिलं होतं. नळदुर्गचा सरळ रस्ता म्हणजे हायवे. दुसरी वाट मला माहीत नव्हती. सायकल देवळात ठेवून एसटीने गेलो असतो तर नवस मोडला असता, तसाच परतलो असतो तर सायकल गेली असती. सायकल हातात धरून मी हायवेच्या कडेला जाऊन उभा राहिलो. शपथ आठवत होती, तरी एक पाय पायडलवर ठेवला. तेवढ्यात उजवीकडून ट्रक गेला. तो आल्याचं मला कळलंच नाही. वाऱ्याचा फटका बसला तेव्हा कळलं. जमीन फिरू लागली, मी सायकलसकट कडेच्या गवतात बसलो. त्या क्षणी मनात देवाला एवढंच म्हणालो, की माझ्याच्याने होत नाही.

"ट्रकाखाली जायाचा इचार हाय का काय, पाव्हणं?"

डावीकडून आवाज आला. माझ्याच वयाचा एक माणूस सायकलवर पाय टेकून उभा होता. मागे मासे धरायचं जाळं, खांद्यात ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब. नळदुर्गला जायचं आहे म्हटल्यावर म्हणाला, "मग पाटानं चला. मी तळ्याकडंच निघालोय."

मी म्हणालो, "वाट सांगा फक्त. मला एकट्यानं जायचंय. नवस आहे."

तो मोठ्याने हसला. "एकट्यानं जायचं, तर मग देवाला कशापायी बोलावता?"

मी गवतातली सायकल उभी केली. त्याच्याबरोबर निघालो.

पाटाची कड अरुंद होती. सायकली एकामागे एक न्याव्यात असं मला वाटलं, पण तो माझ्या उजव्या अंगाला आला आणि तिथेच राहिला, अगदी पाण्याच्या कडेने, गवतातून चाक घासत. मी त्याला कानाचं काही सांगितलं नव्हतं. बोलायचं झालं की तो जरा पुढे होऊन मान वळवून बोले. "रोजच्या पोहणाराला पाण्याची भीती न्हाय, तुमी आत ऱ्हावा." एका ठिकाणी पाट ओढ्यावरून जातो, तिथे चालायला बाजूला हातभर रुंदीचा कट्टा आहे आणि खाली खोल ओढा. तिथे सायकली हातात धरून चालताना मला पुन्हा चक्कर आली. त्याने माझं मनगट धरलं. "अंग सोडा. मी धरलंय." मी सोडलं. आजारपणात पत्नीच्या खांद्यावर हात ठेवूनही जे मी केलं नव्हतं, ते तिथे केलं. पूर्ण भार दुसऱ्यावर टाकला.

तळं दिसलं तसा तो थांबला. "माझं काम हितंच. भरावानं सरळ जावा, देऊळ लागंल." तो नाहीसा वगैरे झाला नाही. मागे वळून पाहिलं तेव्हा ट्यूबवर बसून तळ्यात जाळं सोडत होता. मी मान तिरकी करून ऐकत होतो, त्यावरून माझा कान त्याच्या ध्यानात आला असेल. तसं असेलही. पण ज्या क्षणी मी हात टेकले त्याच क्षणी तो का आला, हे मला सांगता येत नाही, आणि आता ते शोधावंसंही वाटत नाही.

नळदुर्गला देवासमोर उभा राहिलो. 'देवा, एकटा आलो' असं म्हणायचं मी महिनोन्महिने ठरवून ठेवलं होतं. ते तोंडातून निघेना. डोळे भरून आले. शेवटी म्हणालो, "आणलंस."

मग मुलाला फोन केला. तो ओळखीच्याचा टेम्पो घेऊन आला. सायकल त्यानेच वर चढवली. घरी पोहोचल्यावर मी होतं तसं सगळं सांगितलं. एकटा गेलो नाही, नवस बोललो तसा फिटला नाही, तेव्हा सायकल द्यायची तर द्या. पत्नीने भंडारा कपाळाला लावला. म्हणाली, "नवस तुमचा होता, देवानं त्याच्या मनासारखा फेडून घेतला. सायकल राहू द्या. पण उजव्या बाजूला मी येणार."

मुलीच्या जातीला सायकल कशाला, असं लोक म्हणत त्या दिवसांत पत्नी सायकलने शाळेत जायची. इतक्या वर्षांनी पुन्हा सायकलवर बसली तेव्हा पहिल्या दिवशी ती दोनदा पडली आणि दोन्ही वेळा माझ्यावरच रागावली. आता रविवारी सकाळी आम्ही पाटाच्या कडेने तळ्यापर्यंत जातो. ती माझ्या उजवीकडे असते. तिचं निम्मं बोलणं मला ऐकू येत नाही. ती आहे एवढं कळतं. देवाचंही आता मला तसंच वाटतं. संध्याकाळी दिवा लावतो तेव्हा पलीकडून आवाज यावा अशी वाट पाहत नाही.