दुखवट्याच्या वर्षात धरलेले नाद

दुखवट्याच्या घरी माणूस रिकाम्या हाताने येत नाही. गोडधोड आणता येत नाही, फुलं आणता येत नाहीत, म्हणून तो सल्ला आणतो. आमच्या घरी शिमग्याच्या आधी माझा थोरला भाऊ, दादा गेला. ताप आला, आठवडाही काढला नाही. तेव्हापासून घरात सल्ल्यांचा ढीग लागलाय. मला विचार करायची सवय नाही, त्यामुळे मी प्रत्येक सल्ला ऐकला, आणि प्रत्येकाचा एक किस्सा झाला. आता कामावर डबा खाताना पोरं म्हणतात, "यशा, काल काय केलंस? सांग ना!" मी सांगतो. ती हसतात. मीही हसतो. मग भोंगा होतो.

मूळ गोष्ट एवढीच. तारापूरच्या आमच्या घरात आता दोघंच, आई आणि मी. बाप मी पाळण्यात असतानाच गेला. आई जेवत नाही. मी समोर ताट घेऊन बसलो तर चार घास खाते, नाहीतर झाकून ठेवते. म्हणून समुद्राकाठच्या वीजघराच्या बांधकामावरून सुटलो की दिवेलागणीच्या आत घरी यायचं आणि जेवण होईपर्यंत घरातच बसायचं, असं मी स्वतःला बजावलं.

पण बसायचं कसं? पूर्वी ह्या वेळेला दादा आणि मी ओट्यावर भांडत असायचो. भांडायला माणूस नसला की संध्याकाळ केवढी मोठी असते, हे मला ठाऊकच नव्हतं!

जो तो म्हणायचा, "घरातल्या घरात काहीतरी नाद लावून घे."

* * *

पहिला नाद बाजाचा. तोंडाने वाजवायचा, खिशात मावणारा. पगार झाला त्याच दिवशी पालघरला गेलो आणि घेऊन आलो. वाजवायला शिकवणारं कोणी नव्हतं. मला दोनच सूर यायचे, एक श्वास आत घेताना आणि एक सोडताना.

आमच्या कुंपणापलीकडे जानकीकाकू राहतात. दुखवट्याच्या वर्षात काय चालतं आणि काय नाही, हे सगळं गाव त्यांना विचारतं. नाही विचारलं तरी त्या सांगतात. बाजाचा आवाज ऐकून त्या कुंपणाशी आल्या.

"यशवंता, अजून वरीस नाय झालं, नि घरात बाजा?"

मी चिडलो. म्हटलं, "काकू, बाजा कुठं? मी नुसता श्वास घेतोय!"

आतून आई म्हणाली, "मग हळू घे."

* * *

कामावर रामसूरत म्हणून वेल्डर आहे, उत्तरेकडचा. बोईसरला खोली घेऊन राहतो. तो म्हणाला, "भाई, मुर्गी पाल ले. घर में रौनक रहती है." मी त्याच रविवारी वाणगावच्या बाजारातून तीन कोंबड्या आणल्या.

आईला त्या आवडल्या. कधी नव्हे ती म्हणाली, "तू जेव रे, मी मागच्या दारात बसते. कोंबड्या बघत बघत खाईन." ताट घेऊन गेली आणि रिकामं ताट घेऊन आली. एक कण उरला नव्हता! दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी मी भात जास्त वाढला, तोही संपला. मी कामावर रामसूरतला मिठी मारली. सगळ्यांना सांगत सुटलो, "कोंबड्या पाळा! आई जेवायला लागली!"

काही दिवसांनी जानकीकाकूच म्हणाल्या, "काय रे, कोंबड्यांना काय घालतोस? बदकं वाटतात."

मी बघितलं. खरंच, कोंबड्या गोल झाल्या होत्या. आई नाही.

त्याच संध्याकाळी तिन्ही कोंबड्या टोपलीत घालून रामसूरतला देऊन आलो. पुढच्या आठवड्यात विचारलं, "कशा आहेत?"

तो मिशी पुसत म्हणाला, "रौनक बहुत थी, भाई!"

* * *

कॅरम. एकट्याने. उजव्या हाताने माझा डाव, डाव्या हाताने दादाचा. दादा होताच डावरा. पण माझा डावा हात सारखा हरायला लागला, तेव्हा मी उजव्या हाताला शिव्या घातल्या. जरा मोठ्याने घातल्या गेल्या.

काकू कुंपणाशी. "कोणाशी भांडतोस रे? घरात तर कोणी नाय."

"तेच तर भांडण हाय, काकू!"

* * *

दादाचा फोटो नाही. काढू काढू म्हणत राहिला. एकदा डहाणूला जाऊन दोघांचा काढायचं ठरलं होतं, तर माझा शर्ट फाटका निघाला म्हणून राहिलं. मग मी ठरवलं, आपणच चित्र काढायचं. पेन्सिली आणल्या, जाड कागद आणला. रोज दिवेलागणीला कंदील घेऊन बसायचो.

चित्रकला मला शाळेतही येत नव्हती. शाळाच येत नव्हती. तरी काढत राहिलो. डोळे आठवायचे, पण कागदावर आले की कोणाचे तरी वेगळेच व्हायचे. शेवटी आमच्या आरशात माझं नाक बघून नाक काढलं, कारण नाक आमचं एकच. मग कानही आरशातून घेतले. मग हनुवटी.

चित्र आईला दाखवलं. तिने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "कान बरे काढलेस." मला तेवढं पुरे होतं. भिंतीला लावलं.

दुसऱ्या दिवशी काकू ताक द्यायला आल्या आणि भिंतीकडे बघून ओरडल्याच, "अरे यशवंता! तुझंच चित्र लावलंस? जित्या माणसाचं असं लावू नये रे, तेबी ह्या वर्षात!"

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "राहू दे लावलेलं. पुढं कामाला येईल!"

तेवढ्यात फाडकन आवाज झाला. आई कधी उठली, कधी जवळ आली, मला कळलंच नाही. दादा गेल्यापासून आईने मला स्वतःहून दिलेली ही पहिली वस्तू. थोबाडीत!

* * *

गावातले एक निवृत्त गुरुजी म्हणाले, "वाचन कर. वाचनासारखा सोबती नाही." आणि एक जाड पुस्तक हातात दिलं. कोणा संताचं चरित्र होतं, म्हणजे काकूंचीही हरकत नव्हती.

माझी चौथी अर्धी राहिलेली. मी एकेक अक्षर लावून मोठ्याने वाचायचो. जोडाक्षर आलं की थांबायचो, श्वास घ्यायचो, पुन्हा मागून यायचो. पहिल्या पानाची तिसरी ओळ वाचत होतो, आणि बघतो तर आई भिंतीला टेकून गाढ झोपलेली! दादा गेल्यापासून तिला अशी झोप लागलेली मी पाहिली नव्हती. मी हलकेच चादर घातली आणि हळू आवाजात वाचत राहिलो, थांबलो तर जागी होईल म्हणून.

रोज तेच पान. रोज तिसऱ्या ओळीला आई झोपायची.

गुरुजी रस्त्यात भेटले. "काय, कसं आहे पुस्तक?"

"गुरुजी, फार गुणकारी!"

"कुठपर्यंत आलास?"

"तिसऱ्या ओळीपर्यंत."

पण आठवडाभरात मला पुस्तक परत करावं लागलं. झोप लागायची, पण ताट तसंच राहायचं. झोपलेल्या माणसाला उठवून भात कसा खायला घालणार?

* * *

मग मी पळून गेलो. हा काही नाद नाही, पण रामसूरतच्या मते माझा हाच एक खरा नाद.

एक मुकादम गुजरातेत कुठल्याशा कामावर टोळी नेत होता. जेवणाच्या सुट्टीत त्याने विचारलं, "येतोस?" मी घास गिळायच्या आत म्हटलं, "येतो!" संध्याकाळी आईला सांगितलं. वाटलं, रडेल, अडवेल, निदान पुन्हा थोबाडीत तरी देईल. तिने चुलीवर तवा ठेवला. म्हणाली, "जा बाबा. हितं तुला घर खायला उठतं, ते काय मला दिसत नाय?" भाकऱ्या केल्या, सुक्या बोंबलाची चटणी केली, फडक्यात बांधून दिलं. दोन दिवस पुरेल एवढं होतं.

बोईसरच्या स्टेशनात बसलो. टोळीची पोरं बिड्या ओढत होती. दिवे लागले. मी गाठोडं सोडलं आणि पहिली भाकरी मोडली. आता घरी आईने ताट वाढलं असेल का, हा विचार आला. तो घालवायला दुसरी भाकरी खाल्ली. विचार जाईना. तिसरी खाल्ली. गाडी यायच्या आत गाठोडं रिकामं!

मुकादमाला म्हटलं, "तुम्ही व्हा पुढं." तो जे बोलला ते इथे सांगता येणार नाही. वाटेत एका ट्रकवाल्याने घेतलं. घरी पोचलो तर आई उंबऱ्यातच बसलेली.

"काय रे, गाडी चुकली?"

"नाय. भाकरी संपली."

आई उठली आणि झाकलेलं ताट उघडून माझ्यापुढे ठेवलं. माझं पोट फुटायला आलं होतं. पण समोर बसून मी जेवलो. तीही जेवली.

* * *

आता जाळ्याचं सांगतो.

दांडी गावची एक कोळीण आमच्या आळीत मासळी विकायला येते. तिचा नवरा धर्माबाबा, म्हातारा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या. आता त्यांना दर्यावर जाववत नाही, घरी बसून जाळी विणतात. एकदा बायकोची टोपली उचलायला ते सोबत आले होते. मला ओट्यावर नुसता बसलेला बघून म्हणाले, "पोरा, रिकाम्या हाताला वाईट इचार लवकर सापडतो." आणि पुढच्या खेपेला लाकडी सुई, बांबूची पट्टी आणि दोऱ्याचा गुंडा घेऊन आले. गाठ कशी मारायची ते दाखवलं.

जानकीकाकूंनी कुंपणाशी उभं राहून पुष्कळ विचार केला. जाळ्याविरुद्ध त्यांना काहीही सापडलं नाही.

आमच्याकडे होडी नाही. सात पिढ्यांत कोणी दर्यावर गेलेलं नाही. आमची आपली केळी आणि भाजीची वाडी. पण आईने आपण होऊन जाळ्याचं दुसरं टोक धरलं. मी एका बाजूने, ती दुसऱ्या बाजूने. ठरलेल्या ओळी झाल्या की ती म्हणायची, "चल, आता जेवू," आणि खरंच जेवायची. माझ्यासमोर, स्वतःच्या तोंडाने. मागच्या दारात कोंबड्या नाहीत, ह्याची मी दर वेळेला खात्री करून घ्यायचो!

खरं सांगायचं तर मला ते काम अजिबात आवडत नाही. दिवसभर सिमेंटने बोटं फुटलेली असतात, त्यात तो दोरा कापतो. कमरेला कळ लागते. एकाच जागी बसून एकसारख्या गाठी मारणं म्हणजे मला शिक्षाच. पण आई जेवत होती. मी गप्प विणत होतो.

धर्माबाबा एकदा काम बघायला आले. जाळं उजेडात धरलं. कुठे भोक बोटाएवढं, कुठे डोकं जाईल एवढं.

"ह्यात काय धरणार तुमी?" ते म्हणाले. "ह्यातून मासाबी जाईल नि त्याचा बापूसबी!"

आई म्हणाली, "जाऊ दे की, बाबा. तुमी आनखी दोरा आणा."

पाच-सहा हात झालं, दहा हात झालं. जाळं खोलीत मावेना, ओट्यावर आलं.

परवा काम लवकर सुटलं. घरी आलो, विहिरीपाशी पाय धुतले आणि मागच्या दाराशी आलो, तर आत काकूंचा आवाज.

"चल ना गं वयनी, जरा माझ्या ओट्यावर बस. सारखं आपलं जाळं, जाळं! तुला तर भारीच नाद लागला."

"नाद कसला, जानकी?" आई म्हणत होती. "डोळ्यांतनं पाणी येतं, मान धरते. त्या दोऱ्याचा वास आला तरी मला मळमळतं. मला नाय आवडत ते."

"मग टाक ना!"

"टाकू कशी? पोराला आवडतं. त्याच्या हातात दोरा हाय, तोवर तो घरात हाय. मी जेवली की तोबी चार घास खातो. हे सुटलं तर तो परत पळेल. मी हाय म्हणून बसलाय, त्याला वाटतं आईला गंमत वाटते. वाटू दे."

काकू काही बोलल्या नाहीत. काकू काही बोलल्या नाहीत, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

मी तसाच मागे फिरलो, घराला वळसा घालून पुढच्या दाराशी आलो आणि मोठ्याने खाकरलो. आत गेलो तेव्हा आई जाळं मांडीवर घेऊन बसली होती. तोंडभर हसली.

"आलास? मी कवाची वाट बघते! राहवलं नाय, म्हणून एक ओळ एकटीनंच केली."

मी म्हटलं, "माझंबी दिवसभर कामात लक्ष नव्हतं. कधी एकदा विणायला बसतो, असं झालेलं."

आई म्हणाली, "मग आज दोन ओळी जास्त करू!"