बिनतुपाची बट्टी आणि आमचे नाना

लग्नानंतरच्या पहिल्याच पंगतीत माझ्या सासऱ्यांनी माझा हात भाजला होता.

गरम तुपाने.

खानदेशात नरडाण्याजवळ आमचं गाव. वरण-बट्टीची पंगत असली की तूप वाढायला माझे सासरे, नानाच. मी व्हीगन. दूध, दही, तूप, काही नाही. कारण विचारू नका, ते सांगून सांगून मी दमलेय.

नको म्हणून ताटावर हात आडवा धरला. इकडे पंगतीत आडवा हात म्हणजे अजून आग्रह करा. नानांनी धार सोडली.

"बोलनी काबरं नही, पोरी?" हातावर पाणी ओतताना ते विचारत होते.

मग सगळं सांगितलं. नानांनी शांतपणे ऐकलं.

"म्हणजे तुले रोजना उपास शे?"

दुसऱ्या दिवशी खास माझ्यासाठी साबुदाण्याची खिचडी आली. साजूक तुपातली.

नवरा म्हणाला, गावी आलो की खात जा ना, कोण बघतंय? मी सरळ वेगळा डबा घेऊन आत बसायला लागले. रडू यायचं. घरातली असून पंगतीबाहेर.

नानांना ते पटेना. "सून पंगतमा बठस नही, हाई बरं दिखस नही."

आणि प्रयोग सुरू झाले. करणार मी आणि सासूबाई, चाखणार नाना.

बट्टीवर खोबरेल तेल घालून दिलं. "हाई डोकाले लावानं शे," म्हणून ताट सरकवलं.

ताकाऐवजी शेंगदाणे वाटून चिंचेची कढी केली. ती दोनदा फुटली. तिसऱ्यांदा जमली, तर नाना दोन वाट्या प्यायले.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरच्या पुरणपोळ्या शेंगदाण्याच्या दुधासोबत. "ठीक शे." नानांचं ठीक म्हणजे ठीकच. उगाच कौतुक करायचा स्वभाव नव्हता.

बट्टीचं शेवटी घाण्याच्या शेंगदाणा तेलावर जमलं. लसूण, जिरं, लाल मिरची, कडकडीत फोडणी.

त्यानंतर गावात कुठेही पंगत असो, नानांच्या एका हातात तूप आणि दुसऱ्या हातात तेल. लोक चिडवायचे, "नाना, तेलनी एजन्सी लिधी का?"

"मन्ही सूननं शे ते."

एवढं बोलून पुढे.

मग नानांना हार्टचा त्रास सुरू झाला. धुळ्याच्या डॉक्टरांनी तूप पूर्ण बंद केलं. ज्या माणसाने अख्ख्या गावाला तूप वाढलं, तो माझ्या शेजारी बसून तेलातली बट्टी खायचा. कुरकुर नाही.

एकदा विचारलं, "नाना, तुपाची आठवण येते?"

"रोज."

पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही.

आज नानांचं वर्षश्राद्ध. सकाळी नैवेद्याचं पान वाढायला घेतलं. नणंद म्हणाली, "वहिनी, तूप मी वाढते. तुला नको वाटेल."

खरंच नको वाटतं. घरात आल्यापासून तुपाच्या भांड्याला मी हात लावला नव्हता. सगळ्यांना माहीत आहे, नानांना तर सगळ्यात जास्त.

पण म्हटलं, दे इकडे.

बट्टी बुडेपर्यंत वाढलं. मग अजून थोडं.

नाना, आता कुठला डॉक्टर नाही. पोटभर जेवा.

तुमची सून.